धक्क्याला लावायचे तास किती?

बोटीवर करिअर करू पाहणारी मुलं कोर्सची चौकशी करताना फी विचारतात, सर्टिफिकेट कुठे चालेल ते विचारतात. त्यांनी आधी हे विचारावं: सुकाणू आणि थ्रॉटल प्रत्येकाच्या हातात किती तास देता, आणि त्यातले धक्क्याला लावण्याचे किती? मोकळ्या पाण्यात सरळ बोट कुणीही नेतो. मोडतोड होते ती शेवटच्या वीस मीटरमध्ये.

मांडवी नदीवरचा पणजीच्या बाजूचा धक्का घ्या. बोटीला एकच इंजिन आणि उजव्या फेऱ्याचा पंखा आहे, म्हणजे मागून पाहिलं तर पुढे जाताना तो घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. रिव्हर्स टाकला की अशा बोटीचा मागचा भाग डावीकडे सरकतो. नियम असा की प्रवाहाला तोंड देऊन धक्क्याला यायचं. भरतीच्या वेळी तोंड समुद्राकडे, धक्का डाव्या बगलेला. थांबण्यासाठी रिव्हर्स दिला की मागचा भाग आपोआप धक्क्याला टेकतो. ओहोटीला मात्र तोंड बेतीच्या पुलांकडे, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला, धक्का उजव्या बगलेला, आणि तोच रिव्हर्स मागचा भाग धक्क्यापासून लांब नेतो. घाबरलेला शिकाऊ मग आणखी रिव्हर्स देतो आणि बोट प्रवाहाला आडवी होते.

उपाय सोपा, पण हाताला बसायला हवा. धक्क्याशी साधारण वीस अंशांचा कोन ठेवून, गिअर मधूनमधून न्यूट्रलला टाकत या. बोटीच्या मध्यातून निघणारा दोर धक्क्यावरच्या, मागच्या बाजूच्या खुंटाला द्या. मग सुकाणू धक्क्यापासून उलट दिशेला वळवून इंजिन हळू पुढे. दोर ताणला की बोट धक्क्याला चिकटून उभी राहते. त्यानंतर नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, आणि मागचा दोर निवांत बांधा. हात दोर आणि खुंट यांच्या मध्ये कधीही नको. हा सराव उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवशी करावा, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, पाणी फारच गरीब असतं.

इंजिनाचं शिक्षणही हातानेच व्हायला हवं. सुरू करण्याआधी तेल, कूलंट, बेल्ट, डिझेल फिल्टरमधलं पाणी आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा कॉक उघडा आहे का, एवढं पाहायचं. सुरू झाल्यावर एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते लगेच बघा. कॉक बंद राहिला तर पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, कोरडा फिरून थोड्याच वेळात फाटतो. चालत्या बोटीत तापमान चढलं तर बहुतेकदा स्ट्रेनरमध्ये, म्हणजे आत येणाऱ्या पाण्याच्या गाळणीत, प्लास्टिकची पिशवी, शेवाळ किंवा जेलीफिश असते. मार्गाच्या बाहेर जाऊन नांगर टाका, इंजिन बंद करा, कॉक बंद करा, मगच स्ट्रेनर उघडा. गरम कूलंटचं झाकण उघडू नका. इम्पेलरची पाती तुटलेली दिसली तर तुकडे मोजून शोधा. ते कूलंट थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये अडकतात आणि नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापतच राहतं.

नांगराचं गणित कागदावर करायला लावणारे शिक्षक चांगले. ओहोटीला चार मीटर पाणी, भरतीची वाढ दोन मीटर, नाळेची उंची एक मीटर. एकूण सात. नांगराला दोर नसून सगळी साखळीच असेल तर पाचपट, म्हणजे पस्तीस मीटर सोडावी. आजची खोली बघून साखळी सोडणाऱ्याची बोट रात्रीच्या भरतीत सरकते.

मांडवीच्या मुखाशी आग्वादच्या तोंडाचा वाळूचा दांडा हा वेगळा धडा. उतरतं पाणी आणि पश्चिमेची लाट समोरासमोर आली की तिथे लाटा उभ्या राहतात. ओहोटीच्या जोरात लहान बोट बाहेर काढू नये. नदीत मालाने भरलेली बार्ज समोर आली तर तिची वाट अडवायची नाही. अरुंद मार्गात तिला बाहेर पडता येत नाही. तिने पाच लहान शिट्ट्या दिल्या तर तुमच्या हालचालीबद्दल तिला शंका आहे, असं समजा.

कागदांविषयी थोडक्यात. नदीतल्या बोटींना २०२१चा अंतर्देशीय जहाज कायदा लागू आहे आणि गोव्यात हा कारभार बंदर कप्तान खातं बघतं. परदेशी यॉटवर जायचं असेल तर यॉटमास्टर ऑफशोअर या ब्रिटिश सर्टिफिकेटच्या परीक्षेआधी ५० दिवस बोटीवर, २५०० सागरी मैल आणि ६० मैलांहून लांब असे पाच प्रवास लागतात. त्यांत दोन रात्रीचे आणि दोन स्वतः कप्तान म्हणून केलेले असावेत. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत तारीख, बोटीची लांबी, मैल आणि तुमचं काम लिहा, आणि कप्तानाची सही त्याच संध्याकाळी घ्या. सहा महिन्यांनी तो दुसऱ्या बोटीवर गेलेला असतो.