आदत, दोनदाती, जुळलेला

आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात माणसाच्या दातांची आकृती होती आणि तिच्यावर परीक्षेत येणारे प्रश्नही ठरलेले होते. आमच्या सरांनी मात्र ते पान उलटण्यापूर्वी वर्गाला विचारले, की बैलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात किती असतात. उदगीर तालुक्यातल्या, घरोघरी दावण असलेल्या मुलांचा तो वर्ग. 'एकही नाही' हे उत्तर शेवटच्या बाकावरच्या, एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलाने दिले. मग आदत (अजून दुधाचेच दात असलेला), दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला (सगळे कायमचे दात आलेला) अशी सारी परिभाषा फळ्यावर उतरली. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैलाचे ओठ वर करून वय सांगणारे व्यापारी आणि उपरण्याखाली बोटे दाबून ठरणारे भाव आम्ही सगळ्यांनीच पाहिले होते. पहिले दोन कायमचे दात साधारणपणे दोन-अडीच वर्षांच्या सुमारास येतात आणि खालच्या जबड्यातले पुढचे आठही दात पुरे व्हायला चार-साडेचार वर्षे लागतात, हे पुढे परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकताना म्हणूनच मला फारसे नवे वाटले नाही.

परभणीचे ते महाविद्यालय १९७२ चे, तर उदगीरचे १९८७ मध्ये निघाले. ज्या भागात देवणी आणि लाल कंधारी गोवंश, मराठवाडी म्हैस आणि उस्मानाबादी शेळी अशा नामांकित जाती घडल्या, तेथे हे शिक्षण यायला तसा उशीरच झाला, असे माझे मत आहे. (जिल्ह्याचे नाव आता धाराशिव झाले, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली.) देवणीत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार शास्त्रीय ग्रंथांत नोंदलेले आहेत. अंग पांढरे आणि तोंडाच्या बाजू काळ्या असतील तर वानेरा, पांढऱ्या अंगावर अनियमित काळे ठिपके असतील तर शेवरा, ही पारख ग्रंथकारांनी पशुपालकांकडूनच घेतली. विद्यापीठाने त्यावर मोजमाप, वंशावळ आणि दुधाच्या नोंदी यांची भर घातली.

तथापि गोठ्यातले सारेच ज्ञान प्रमाण मानावे, असे मी म्हणणार नाही. आमच्याकडे गाय व्याली की वार (गर्भाला पोसणारा, व्याल्यानंतर बाहेर पडणारा पडदा) पडेपर्यंत वासराला पाजायचे नाही, असा जुना दंडक होता, आणि कोठे कोठे तो अजूनही पाळला जातो. गायीच्या वारेची रचना अशी असते की रोगांशी लढणारी प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. ती वासराला केवळ चिकातून, म्हणजे व्याल्यानंतरच्या पहिल्या दुधातून, मिळतात. त्यातही वासराच्या आतड्याला ती जशीच्या तशी शोषून घेता येतात ती जेमतेम पहिले चोवीस तास, आणि ही क्षमता तासागणिक घटत जाते. वार पडायला सहा-आठ तास लागले, तर तेवढ्यात वासराचे सर्वांत मोलाचे तास निघून जातात. म्हणून वजनाच्या सुमारे एक दशांश चीक पहिल्या दिवसात, आणि त्यातला पहिला घोट जन्मल्यानंतर तासा-दोन तासांत पोटात गेला पाहिजे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना खरवस वाटण्याची रीत मला मनापासून आवडते. फक्त त्यासाठीचा चीक वासराचे पोट भरल्यावर काढावा, एवढेच माझे म्हणणे असते, आणि गावातल्या वडीलधाऱ्या बायांना ते पटायला कधी फार वेळ लागलेला नाही.

उलट ज्वारीच्या बाबतीत जुनी माणसेच पुढे होती. पाऊस ताणलेल्या रानात कोवळ्या ज्वारीत किंवा कापणीनंतरच्या फुटव्यांत गुरे शिरू द्यायची नाहीत, हे गुराख्याच्या पोरालाही ठाऊक असे. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. पाण्याच्या ताणाने ते वाढते आणि जनावराच्या पोटात त्यातून हायड्रोसायनिक आम्ल मोकळे होते. रक्तात प्राणवायू असूनही पेशींना तो वापरता येत नाही, त्यामुळे धाप लागलेल्या जनावराचे रक्त उलट लालभडक दिसते, आणि उपचार वेळेत न मिळाल्यास ते काही मिनिटांत दगावते. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देणे हा त्यावरचा उपाय. तीच ज्वारी पिकून वाळली की कडबा होतो, आणि त्यावर मराठवाड्याची दावण उन्हाळा काढते.

पोळ्याविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून एकच सांगतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करताना हळद आणि लोणी लावून जुवाखालचा खांदा चोळला जातो, तेव्हा घट्टे, सूज, जखमा हाताला लागतात. खांद्याची इतकी बारकाईने तपासणी वर्षात एरवी क्वचितच होते.

२०२२ मध्ये गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लम्पी या विषाणुजन्य रोगाची साथ आली, तेव्हा राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले आणि गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचण्यात आली. 'शेळीची लस गायीला कशी?' हा प्रश्न मला गावोगावी विचारला गेला. दोन्ही रोगांचे विषाणू एकाच कुळातले असल्याने एकाविरुद्धची लस दुसऱ्यापासूनही बऱ्याच अंशी संरक्षण देते, हे पारावर बसून समजावताना विद्यापीठातल्या व्याख्यानापेक्षा अधिक तयारी करावी लागे, कारण येथे उलटतपासणी करणाऱ्यांची जनावरे पणाला लागलेली होती.

ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झाले आणि देवणीची शुद्ध जनावरे तर आणखी विरळ झाली. जी आहेत त्यांची वंशावळ बहुधा मालकाच्या आठवणीतच आहे. आमच्या त्या शाळेने आपल्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विज्ञान प्रदर्शनाबरोबर एक काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. आठवीच्या विद्यार्थ्यांनी गावातल्या प्रत्येक देवणी गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, तिची आई, व्यायल्याची तारीख, वासराचा रंग आणि दूध यांची नोंदवही ठेवावी. त्यासाठीचे छापील तक्ते मी मुख्याध्यापकांकडे पाठवीत आहे. मुलांना नोंदी कशा घ्यायच्या हे दाखवायला पोळ्यापूर्वी स्वतः येईन.