तेहतीस अंशांचा छळ

मे महिन्यात संध्याकाळच्या बातम्यांत तापमानाचा तक्ता येतो. अकोला ४४, नागपूर ४३, रत्नागिरी ३३. लगेच विदर्भातल्या व्याह्यांचा फोन येतो, "तुमचं बरं आहे बुवा, समुद्रकाठी." यावर वाद घालायलाही अंगात त्राण लागतं, आणि कोकणातला माणूस त्या वेळी दिवसातला तिसरा बनियन पिळत असतो.

तक्त्यात पारा असतो, हवेतला दमटपणा नसतो. सगळी मेख तिथे आहे. घाम निघाला म्हणून अंग निवत नाही, तो अंगावर सुकला तर निवतं. लीटरभर घाम कातडीवरच सुकला, तर जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच हनुवटीवरून टपकला, तर उष्णता अंगातच राहते आणि मीठ-पाणी तेवढं फुकट जातं. हवा किती घाम सुकवू देईल हे पाहायचं असेल, तर थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा घालावा. पारा उतरून जिथे थांबेल, त्याच्या खाली ओली वस्तू निवत नाही. नागपुरात ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हा ओला पारा २३ अंशांच्या आसपास थांबतो. रत्नागिरीत ३३ अंश आणि ७० टक्के असेल, तर तो २८च्या खाली यायचं नाव घेत नाही. म्हणजे ओल्या अंगाने उभं राहिलं, तर रत्नागिरी नागपूरपेक्षा गरम. हवामान खातंही किनाऱ्याला वेगळं माप लावतं. उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंश लागतात, किनाऱ्यावर ३७ पुरतात. मात्र ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवेत.

एवढं ध्यानात आलं की उन्हाळ्यावरचे निम्मे सल्ले आपोआप बाद होतात, कारण ते देशावरून आलेले असतात. वाळ्याचा ओला पडदा लावा, फरशीवर पाणी मारा, ओली चादर टांगा. कोकणात या सगळ्याने खोलीतला दमटपणा वाढतो, म्हणजे ज्याने छळ मांडलाय त्यालाच आणखी खाऊ घातल्यासारखं. कूलर तर सरळ सरळ फसवणूक आहे. तो दोन-तीन अंश उतरवतो खरा, पण तासाभरात बंद खोलीतली हवा पाण्याने भरते, उशी चिकट होते आणि आठवड्याभरात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते. तरीही तो दर मार्चमध्ये दुकानाबाहेर मांडलेला असतो आणि खपतोही. माठाचं तसंच. नागपुरी माठ दातांना कळा आणतो, आपला फार तर चार-पाच अंशांनी निवतो. त्यातही तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला तर काहीच नाही. ओटीवर, वाऱ्याच्या तोंडाशी, तिवईवर हवा. बाहेरून तो पाझरायचा थांबला की समजावं, छिद्रं क्षारांनी बुजली. नारळाच्या काथ्याने नुसत्या पाण्यात घासावा. साबण लावलात तर पुढचा महिनाभर पाण्याला साबणाचा वास.

तेव्हा कोकणात पाण्याने भागत नाही. सावली आणि वारा, दोनच गोष्टी कामाच्या.

जुन्या घरांना हे ठाऊक होतं. पुढच्या दारात उभं राहिलं की मागच्या दारातून परसातला माड दिसावा, अशी दारं एका ओळीत. भोवती पडवी, त्यामुळे मधल्या जांभ्याच्या भिंतीवर ऊन पडतच नाही. वर नळे किंवा मंगलोरी कौलं, आणि त्यांच्या फटींतून तापलेली हवा दिवसभर वर निघून जात असते. दुपारी कौल हाताला चटका देतं, पण सूर्य बुडाल्यावर तासाभरात निवतं, कारण त्यात उष्णता साठवायला जाडीच नाही. स्लॅबचं उलटं. चार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि संध्याकाळी सात-आठला, जेव्हा माणूस घरी येऊन पंख्याखाली बसतो तेव्हा, ते खाली सोडायला लागतं. मध्यरात्र उलटेस्तोवर पंखा तीच तापलेली हवा डोक्यावर ढकलत राहतो.

स्लॅबवर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे चुना. होळी झाली की गच्ची झाडून, पावसाळ्यातलं वाळलेलं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून काढायचं. चुना रात्रभर भिजवायचा तो लोखंडी पिंपात, कारण कळीचा चुना पाणी लागताच उकळतो आणि प्लास्टिकची बादली वितळते. तोंडही लांब ठेवायचं. सकाळी गाळून, ब्रशवरून ओघळेल इतका पातळ करून, थोडा फेविकॉल घालून दोन हात द्यायचे, दुसरा पहिल्याला आडवा. एकच जाड हात दिला तर पंधरा दिवसांत पापुद्रे उडतात. चुना टिकावा म्हणून त्यात मीठ टाकायची पूर्वापार पद्धत आहे, ती स्लॅबवर करू नये. मिठाने आतली सळी गंजते आणि खारी हवा ते काम आधीच करते आहे. हा चुना पहिल्या दोन-चार पावसांत धुऊन जाणार, म्हणून दरवर्षी लावावा लागतो.

हल्ली बहुतेक जण गळती थांबवायला स्लॅबवर पत्र्याची शेड उभारतात. तीच शेड उन्हाळ्यातही कामाला येते, पण एका अटीवर: पत्रा आणि स्लॅब यांत निदान माणूस वाकून फिरेल एवढी जागा हवी आणि दोन्ही अंगांनी वारा खेळता हवा. लोक पैसे खर्चून शेड बांधतात, आणि मग पावसाची झड आत येते म्हणून चारही बाजू पत्र्याने बंद करून टाकतात. झाली भट्टी. झडीची बाजू तेवढी बंद करावी, तीही वर हातभर मोकळी सोडून.

अंगणात मात्र अजून झापांच्या मांडवाला तोड नाही. पोफळीचे खांब, वर बांबू, त्यावर माडाच्या भिजवून विणलेल्या झावळांचे झाप, सगळं सुंभाने बांधलेलं. हिरवी जाळी सोयीची आहे, पण तिच्यातून ऊन गाळून येतं आणि ती स्वतःही तापते. निळी ताडपत्री तर सर्वांत वाईट, तिच्याखाली हवा कोंडते. झापातून तापलेली हवा वर निसटते आणि खाली येते ती निव्वळ सावली. पाणी शिंपडायचंच तर या मांडवाखाली, ऊन कलल्यावर. भर दुपारी सारवलेल्या अंगणात पाणी मारलं की नुसती वाफ उठते.

वाऱ्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. पहाटे डोंगराकडून समुद्राकडे जाणारा मतलई असतो. तो आठ-नऊला पडतो, आणि समुद्रावरून खारा वारा सुटायला अकरा वाजतात. मधले दोन-तीन तास पानही हलत नाही. दिवसातला सर्वांत असह्य वेळ तो, दुपारचा नव्हे. कपडे धुणं, भांडी, बाजार असली कामं त्या आधी उरकावीत. मार्चमध्ये कधी कधी घाटावरून पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो आणि खाऱ्याला दुपारपर्यंत थोपवून धरतो. किनाऱ्यावर पारा चढतो तो याच दिवसांत, मे महिन्यात नव्हे. खाडीने आत जावं तसा खारा वारा उशिरा पोचतो, म्हणून गुहागरचा माणूस चिपळुणात दुपारी उतरला की पहिल्यांदा रुमाल शोधतो. खेड, महाड, संगमेश्वर या खोलगट गावांचंही तेच.

खारा सुटला की पश्चिमेच्या खिडक्या उघडायच्या, आणि समोरच्या भिंतीतली निदान तेवढीच मोठी वाट मोकळी ठेवायची. बाहेर पडायला वाट नसेल तर वारा आत येतच नाही. एकच खिडकी उघडून "वाराच नाही" म्हणणारे पुष्कळ. डासांची जाळी बराच वारा खाते, त्यात मीठ आणि धूळ बसली की जवळपास भिंतच होते. पंधरवड्यातून एकदा काढून गोड्या पाण्याने धुवावी.

पंख्याने हवा गार होत नाही, घाम सुकतो. कातडीचं तापमान ३५च्या आसपास असतं. हवा त्याहून फार तापली तर पंख्याचा वारा अंगाला भाजतो. कोकणात ती वेळ क्वचित येते, म्हणून इथे पंखा हाच खरा दागिना. तो हळू झाला असेल तर मोटार जळली म्हणून लगेच नवा आणू नये. बहुधा आतला कंडेन्सर उतरलेला असतो, साधारण अडीच मायक्रोफॅरडचा. जुन्यावर छापलेला आकडा बघून तेवढाच आणावा, मेन बंद करून वायरमनकडून बसवून घ्यावा. पात्यांची पुढची कड पुसायला विसरू नये, खारट धुळीचा थर बसतो तो तिथेच. नवा घ्यायचाच तर बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा पंखा घ्यावा: जुना ७५ वॅट खातो, हा तीसेक. फरक कळतो तो वळवाच्या पावसात फांदी पडून लाइट गेल्यावर. इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीवर चार जुने पंखे जेमतेम चार तास चालतात, हे चार रात्र काढतात.

एसीबद्दल थोडंच. कौलारू खोलीला खालून छत नसेल तर लावू नये, गारवा फटींतून जातो. २६-२७वर ठेवून सोबत पंखा चालवावा. उकाडा कमी आणि दमटपणा जास्त असेल तर ड्राय मोड पुरतो. बाहेरचं युनिट समुद्राच्या तोंडावर टांगलं तर त्याची पातळ पाती मिठाने खाल्ली जातात. तांब्याची कॉइल बघून घ्यावी आणि बाहेरच्या युनिटवर अधूनमधून गोडं पाणी मारावं.

आता घामोळं. घामाची तोंडं बुजली की घाम कातडीतच अडकतो, तेच ते. ओल्या अंगावर पावडर थापली की तिचा लगदा होतो आणि उरलेली तोंडंही बुजतात. जाहिरातीत हे सांगत नाहीत. आधी नुसत्या पाण्याने अंघोळ, मग पंच्याने टिपून, पंख्याखाली पूर्ण सुकून, वाटलीच तर मग चिमूटभर पावडर. साबण दिवसातून एकदा पुरे. घरात पंचा आणि उघडं अंग याहून चांगला पोशाख नाही. बायकांच्या वाट्याला ही सोय नाही, शिवाय चुलीपुढचा तास त्यांच्याच वाट्याला. निदान स्वयंपाक त्या वारा पडलेल्या वेळेत येऊ नये एवढं घरातल्यांनी बघावं.

घामाबरोबर मीठ जातं, त्यामुळे नुसतं पाणी पीत राहिलं तर पोटऱ्यांत गोळे येतात. यावर कोकणाचं उत्तर सकाळची पेज. वाटीभर उकड्या तांदळाला आठ-दहा वाट्या पाणी, तांदूळ फुटेस्तोवर शिजवायचे, चवीला लागेल त्याहून किंचित जास्त मीठ, सोबत कैरीची फोड. पिष्ट, पाणी आणि मीठ एकत्र. डॉक्टर पुडीतून जे देतात त्याचाच हा घरगुती भाऊ. पुडी नसेल तर लीटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवावं: कोकणातल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. अंग तापलंय आणि बोलणं भरकटतंय, तर सरबत पाजत बसू नये. सावलीत आडवं करून अंगावर पाणी मारत वारा घालावा आणि १०८ला फोन करावा. पाणी इथे चालतं, कारण नळाचं थंड पाणी अंगातली उष्णता थेट ओढून घेतं.

कैरीचं पन्हं सगळ्यांनाच येतं. कोकमाचं सरबत मात्र बाजारातून आणतात, आणि ते वर्षभर लालभडक राहिलं की खूश होतात. खरं कोकम महिन्या-दोन महिन्यांत तपकिरीकडे झुकतं. न झुकणाऱ्यात रंग असतो. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकून जांभळट लाल झालेले, डाग नसलेले घ्यावेत. धुऊन, एकेक पुसून, चिरून दोन वाट्या कराव्यात, बिया आणि गर वेगळा काढावा. तो टाकायचा नाही: त्याच्या रसात मीठ घालून आमसुलांना पुटं देतात, आणि बियांचं तेल काढतात. किलोभर सालींना दोन किलो साखर. एवढी साखर बघून हात आखडतो आणि नेमकं तिथेच बिघडतं, कमी साखरेत रस आंबतो. प्रत्येक वाटीत साखर भरून काचेच्या किंवा चिनी मातीच्या कोरड्या बरणीत थर लावायचे, सर्वांत वर साखरेचा थर, तोंडाला पातळ फडकं. ॲल्युमिनियमचं भांडं आंबटाला चालत नाही. मग सात-आठ दिवस कडक ऊन.

हो, तेच ऊन. सावलीत किंवा फ्रिजमध्ये साखर विरघळते, पण रस नीट सुटत नाही. रोज संध्याकाळी कोरड्या लाकडी चमच्याने वरखाली करावं, कारण रसाबाहेर उघड्या राहिलेल्या सालीला आधी बुरशी धरते. साखर पूर्ण विरली की गाळून जिऱ्याची पूड आणि मीठ घालावं. पिताना एका भागाला पाच भाग पाणी. मेच्या अखेरीस मात्र रोज आकाश बघावं लागतं. पाचव्या दिवशी आभाळ आलं तर बरणी घरात घेऊन फडक्यावर झाकण नुसतं ठेवावं आणि रोजचं वरखाली करणं चालू ठेवावं. दोन दिवसांत फेस दिसला तर लगेच गाळून, रस मंद आचेवर एक उकळी काढून, मूठभर साखर वाढवून ठेवावा. वास आंबूस आला असेल तर तेही करू नये.