तुम्ही विचारलंत म्हणून: डिलिव्हरीत काही सुटतं का?

मी दुचाकीवर ॲपच्या ऑर्डर पोचवतो. ओळखीचं कोणीही भेटलं की तिसरं वाक्य हेच: ‘पेट्रोल वजा जाता काही सुटतं का रे?’

पेट्रोल वजा जाता सुटतं. रोज सुटतं. चुकतो तो प्रश्नच. आणि दोन वर्षं मीही स्वतःला हेच विचारत होतो, त्यामुळे तुमच्यावर चिडायचा हक्क मला नाही. तरी चिडतो.

वहीत डावीकडे कमाई, उजवीकडे पेट्रोल, खाली वजाबाकी. ड्रॉप, म्हणजे ऑर्डर पोचवायचं अंतर, 5 किलोमीटरचा असला तरी ती उचलायला, पिकअपला, 3 जायचे, परत गर्दीच्या भागात यायला 4. मीटरवर 12 पडायचे, पैसे मुख्यतः 5 चे. दिवसाला 120 किलोमीटर, महिन्याला 3,000 च्या वर. म्हणजे ऑइल दर महिन्याला बदलायला हवं होतं. मी बदलत नव्हतो.

गाडी आठवडाभर टकटक करत होती. त्या संध्याकाळी इन्सेंटिव्हला, म्हणजे ठरलेल्या ऑर्डर पुऱ्या केल्यावर मिळणाऱ्या जादा पैशांना, सहा ऑर्डर बाकी होत्या. म्हटलं, उद्या बघू. चढावर आवाज एकदम कोरडा झाला, इंजिन जाम, मागचं चाक घसटत गेलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. गाडी कडेला लावली, पाठीवर पिशवी, ॲपवर घड्याळ चालूच. ती ऑर्डर चालत पोचवली. दार उघडणाऱ्याने उशीर का, एवढंच विचारलं. त्याचं तरी काय चुकलं?

मेकॅनिकने खाली ट्रे ठेवून नट सोडला. लिटरभर ऑइल असायला हवं, तिथे पाव लिटरही आलं नाही. जे आलं ते त्याने अंगठ्यावर चोळून दिव्याखाली धरलं. काळ्यात बारीक चकचकीत कण. ‘इंजिन कामाला आलंय,’ म्हणाला. म्हणजे आता उघडून दुरुस्त करावं लागणार. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. पिस्टन, बोअर, क्लच प्लेट असं करत बिल झालं, त्यात माझ्या वहीतले तीन महिने गेले. शिवाय गाडी बंद, म्हणून कमाई बंद, हप्ता मात्र चालू.

तेव्हा मी मूर्ख होतो, असं म्हणणं सोपं आहे. पण तेव्हाच्या मला त्या रात्रीच रोकड हवी होती. झिजणाऱ्या टायरचे पैसे आधीच बाजूला काढ, हे सांगायला आज माझं काय जातं?

आता वहीत तिसरा रकाना आहे: दर किलोमीटरमागे गाडीच्या झिजेचे पैसे. ते काढल्यावर उरतं ते पगारासारखं दिसत नाही, पण उरतं. बरे दिवस असले तर. गाडी विकताना मीटर बघून किंमत किती घसरेल, ते अजून धरलेलं नाही. धरायला हवं. विम्याचंही तसंच. खासगी वापराची पॉलिसी, तिच्यावर धंदा. अपघात झाला तर क्लेम नाकारू शकतात, हे माहीत असून मी रोज निघतो.

मग सोडत का नाहीस, हा तुमचा पुढचा प्रश्न. हप्ते अजून आहेत. आणि खरं सांगायचं तर, तिसऱ्या रकान्यातले पैसे गेल्या महिन्यात घरात खर्च झाले. मागचा टायर गुळगुळीत झालाय.