थर्डवरचा पाय

गेल्या पावसाळ्यात साताऱ्यात 17 वर्षांखालील मुलींची जिल्ह्याची सॉफ्टबॉल फायनल मी एकटीने घेतली. पंच दोघे ठरले होते, पण जोडीदार सरांना त्यांच्या शाळेने ऐनवेळी सोडलं नाही. संयोजक म्हणाले, "मॅडम, तुम्ही अनुभवी आहात, तेवढं निभावून न्या." हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. मॅच पार पडते, म्हणून दुसऱ्या पंचाची गरज कुणाला पटतच नाही.

सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणारीच्या, हातातून बॉल सुटेपर्यंत बेसवर उभ्या रनरने बेस सोडायचा नसतो. सोडला तर ती आऊट. मी होम प्लेटमागे, म्हणजे बॅटर जिथे उभी असते त्यामागे, कॅचरच्या खांद्यावरून पिचरचा हात बघत असते, मग त्याच क्षणी फर्स्ट बेसवरच्या मुलीचा पाय कोण बघणार? फटका बसला की डाव्या हाताने मास्क काढत आत पळायचं. दोन बेसमध्ये अंतर 60 फुटांचं, पण अंतरापेक्षा अँगल महत्त्वाचा. अगदी जवळ पोहोचलात आणि फिल्डरच्या पाठीमागे सापडलात, तर टॅग, म्हणजे बॉलचा रनरला स्पर्श, लागला की नाही ते दिसत नाही. नव्या पंचांना मी हे घसा कोरडा पडेपर्यंत सांगते.

सातवी इनिंग, शेवटची बॅटिंग, स्कोअर 4-4, एक आऊट, थर्डवर रनर. पावसाच्या भुरभुरीने फक्की निम्मी वाहून गेलेली. बॅटरने फर्स्टच्या मागे, राइट फिल्डला छोटी फ्लाय, म्हणजे उंच फटका, उडवली. राइट फिल्डर पुढे झेपावली, ग्लोव्ह गवताला टेकलेला. झेल की टप्पा? मी दोन पावलं उजवीकडे टाकली, नजर ग्लोव्हवर रोखली. झेल स्वच्छ होता, आजही छातीवर हात ठेवून सांगेन. आऊटची खूण करून वळले तेव्हा थर्डवरची मुलगी निम्म्या वाटेवर होती. थ्रो आला, पण ती आधीच होम प्लेटवरून गेली होती, म्हणजे जिंकणारी रन.

कॅचर रडली नाही, ओरडली नाही. बॉल उचलून तिने थर्डला फेकला, थर्डवालीने बेसवर पाय ठेवला आणि अपील केलं, "मॅडम, झेल व्हायच्या आधी निघाली ती." फ्लाय झेलली गेली तर तोपर्यंत रनरने बेसवरच थांबायचं असतं. दहावीतल्या मुलींना एवढं नियमाचं भान! अपील बरोबर ठरलं असतं तर तिसरा आऊट, रन रद्द, आणि टायब्रेकर.

मी "सेफ" दिलं. जे बघितलं नाही, त्याचा आऊट देता येत नाही.

टीम ओळीत उभ्या राहिल्यावर कॅचरने विचारलं, "मॅडम, तिचा पाय तुम्ही बघितलात का?"

मी म्हणाले, "नाही बाळा. मी झेल बघत होते."

एक ज्येष्ठ पंच नंतर माझ्यावर चिडले. पंचाने "बघितलं नाही" असं कधीच म्हणायचं नसतं, निर्णयावरचा विश्वास उडतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मी मानते, पण हे मला पटलेलं नाही. त्या मुलीची विभागीय स्पर्धा गेली होती. तिला खोटं कशासाठी सांगायचं?

पण माझी जागा चुकली होती का, हे डोक्यातून जाईना. पुढच्या आठवड्यात शाळेच्या मैदानावर बेस मांडले, एका मुलीला थर्डवर उभं केलं आणि राइटला तशाच छोट्या फ्लाय मारायला लावल्या. प्लेटजवळून झेल दिसतो, पण थर्ड पाठीशी जातो. थर्डच्या बाहेर, फाऊल लाइनपलीकडे उभं राहिलं की बेस आणि फिल्डर एका रेषेत येतात. पाय अगदी स्पष्ट दिसतो, टाच उचललेलीसुद्धा. पण तिथून झेल 35-40 मीटरवर आणि ग्लोव्ह गवतात. वीसेक फ्लाय झाल्या. दर वेळी मी राइटला झेल घेणाऱ्या मुलीला हाक मारून विचारत होते, "धरलास की टप्पा?"