क्रीट बेटाची सफर : कोणत्या महिन्यात जावे आणि का

ग्रीसच्या दक्षिण टोकाला असलेल्या क्रीट बेटावर आम्ही मेच्या उत्तरार्धात गेलो होतो. मुलांच्या सुट्टीमुळे हा काळ सोयीचा होता, एवढेच सुरुवातीला डोक्यात होते. पण तिथले हवामान प्रत्यक्ष अनुभवल्यावर माझे ठाम मत झाले आहे की महाराष्ट्रातून कुटुंबासह जाणाऱ्यांसाठी मे महिन्यासारखा दुसरा काळ नाही. दिवाळीच्या सुट्टीतही जाता येते, मात्र त्यासाठी तारखा फार काळजीपूर्वक पाहाव्या लागतात.

आपल्या मोसमी पावसाचे गणित तिथे पूर्ण उलटे आहे. उन्हाळ्यात अटलांटिकवरचा जास्त दाबाचा पट्टा उत्तरेकडे सरकतो, त्यातली हवा सतत खाली उतरत राहते आणि ढगच बनत नाहीत. त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. शरद ऋतूत हा पट्टा दक्षिणेला सरकला, की पश्चिमेकडून येणारी आवर्ते भूमध्य समुद्रावरून फिरू लागतात आणि पावसाळा सुरू होतो. वर्षाचा बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते मार्चमध्ये पडतो. बेट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर लांब आणि अरुंद आहे, आणि त्याच्या पाठीच्या कण्यावर लेफ्का ओरी, 2,456 मीटर उंचीचा प्सिलोरितिस आणि दिक्ती असे डोंगर उभे आहेत. महाबळेश्वर आणि वाई यांच्या पावसात जो फरक पडतो, तसाच फरक इथेही दिसतो : पश्चिमेकडचे हान्या हिरवेगार, तर आग्नेय किनाऱ्यावरचे येरापेत्रा इतके कोरडे आणि उबदार की तिथे हिवाळ्यातही पॉलिहाऊसमध्ये टोमॅटो-काकडी पिकते.

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्रीची बोट पकडली की सकाळी क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावरील इराक्लिओ शहरात उतरता येते. क्नोसोसचा प्राचीन राजवाडा तिथून अगदी जवळ आहे. 1900 मध्ये आर्थर एव्हान्स यांनी उत्खनन सुरू केलेल्या या अवशेषांमध्ये सावली फारच थोडी आहे, म्हणून मे महिन्यातही दार उघडताच आत शिरावे. जुलैमध्ये तर दुपारी तिथे जाऊच नये. मला स्वतःला दक्षिणेकडचा फेस्तोसचा प्राचीन राजवाडा अधिक आवडला. टेकडीवरच्या त्या प्रशस्त प्रांगणात उभे राहिले की खाली मेसारा मैदानातील जैतुनाच्या बागा आणि उत्तरेला प्सिलोरितिस दिसतो. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या माथ्याजवळच्या घळींत बर्फाचे पट्टे शिल्लक होते आणि पायाशी दगडांच्या फटींतून रानफुले डोलत होती. जूनअखेर हीच जमीन वाळून पिवळी पडते.

या प्रवासातला सर्वात मोठा दिवस सामारिया घळीचा. ही वाट साधारणपणे 1 मे ते ऑक्टोबरअखेरपर्यंतच खुली असते, कारण हिवाळ्यात घळीत पूर येतात आणि कड्यांवरून दरडी कोसळतात. हंगामातही पावसाचा किंवा अतिउष्णतेचा इशारा असेल, तर ती दिवसभर बंद ठेवतात. म्हणून हान्यातला मुक्काम एक दिवस हातचा राखून ठरवावा. पहाटेची बस ओमालोसच्या पठारावर चढते आणि क्सिलोस्कालो येथे सुमारे 1,230 मीटर उंचीवरून उतरण सुरू होते. तिथे सकाळी स्वेटर घालूनही मुले कुडकुडत होती, आणि दुपारी आयिया रुमेली गावी समुद्राशी पोहोचलो तेव्हा किनाऱ्यावरच्या काळपट गोट्यांवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. एकूण चाल सुमारे 16 किलोमीटर असून सुरुवातीचा तीव्र उतार गुडघ्यांची परीक्षा पाहतो. घोट्याला आधार देणारे बूट हवेतच. वाटेत झऱ्यांचे पाणी मिळते, तेव्हा प्रत्येकी एक बाटली जवळ असली तरी पुरते. शेवटच्या टप्प्यात दोन्ही कडे इतके जवळ येतात की मधली वाट जेमतेम चार मीटर उरते. आयिया रुमेलीला मोटारीचा रस्ता नाही. तिथून बोटीने सूया किंवा होरा स्फाकिओनला जाऊन पुढे बस पकडावी लागते. शेवटची बोट चुकली तर रात्र तिथेच काढावी लागते, हे लक्षात ठेवून चालण्याचा वेग ठरवावा.

वाऱ्याचा विचार बरेच प्रवासी करत नाहीत, आणि तो करायलाच हवा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. त्याने उत्तर किनाऱ्यावरचा उकाडा कमी होतो, पण समुद्र खवळतो आणि बोटी रद्द होतात. वसंतात कधीकधी याच्या उलट लिबियाकडून उष्ण वारा येतो. तो डोंगर ओलांडून उत्तरेला उतरताना आणखी तापतो आणि सहाराच्या धुळीने आकाश पिवळट होते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी एप्रिलमध्ये मास्क जवळ ठेवावा.

मेमध्ये पोहण्याची हौस मात्र पुरती भागत नाही. पाण्याचे तापमान तेव्हा 19-20 अंशांच्या आसपास असते, आणि कोकणच्या समुद्राची सवय असलेल्याला ते चांगलेच गार लागते. ज्यांना मुख्यतः समुद्रच हवा आहे, त्यांनी सप्टेंबर निवडावा. उन्हाळाभर तापलेले पाणी तेव्हा सुखद उबदार असते आणि मेरीमातेच्या 15 ऑगस्टच्या मोठ्या सणाची गर्दीही ओसरलेली असते.

शाकाहारी मंडळींना एक सूचना. ऑर्थोडॉक्स ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये, खानावळींत ‘निस्तिसिमा’ म्हणून विचारल्यास मांस, अंडी आणि दूध नसलेले पदार्थ मिळतात. मात्र त्यांत कोळंबी आणि माकूळ चालते, म्हणून ते नको असल्याचे वेगळे सांगावे. एरवी उकडलेली रानभाजी, पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचा घट्ट फावा आणि जवाच्या कडक पावावर टोमॅटो व ताजे चीज घातलेला दाकोस यांवर आमचे उत्तम भागले.

मेमध्ये जायचे असेल, तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी भेटीच्या वेळा लवकर भरतात, तेव्हा जानेवारीतच त्या मागे लागावे. गाडी भाड्याने घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून न्यावा.

दिवाळीत जाणाऱ्यांनी आधी दिवाळी कोणत्या तारखांना येते ते पाहावे. ऑक्टोबरच्या मध्यात आली तर हवा सुरेख आणि समुद्रही उबदार मिळेल, फक्त एखाद्या दिवशी जोरदार सर येईल. नोव्हेंबरमध्ये आली, तर सामारिया बंद, दक्षिण किनाऱ्यावरच्या बोटी मोजक्या आणि किनाऱ्यावरची बरीच हॉटेले कुलूपबंद असतील; शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे केली जात असल्यामुळे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अंधारू लागते. अशा वेळी मुक्काम इराक्लिओ आणि हान्या या दोन शहरांतच ठेवावा, संग्रहालये निवांत पाहावीत आणि गावांकडे सुरू झालेली जैतुनाची तोडणी पाहायला जावे.