दोष दात्यांचा नसतो

चेन बिघडली की माणूस आधी दाते तपासतो. एखादा वाकलाय का, पडलाय का, हे बोट फिरवून बघतो. दाते बहुतेक वेळा ठणठणीत असतात. रनर वर सरकतो पण मागे चेन उघडीच राहते, किंवा लागल्यासारखी दिसून मधेच फाकते, तेव्हा बिघाड जवळजवळ नेहमीच रनरचा असतो. शिक्षा मात्र अख्ख्या पँटला किंवा बॅगेला होते.

रनर म्हणजे वर-खाली दोन धातूची पाती आणि त्यांना पुढच्या टोकाशी जोडणारा एक पाचरीसारखा खांब. खांबामुळे पुढे दोन वाटा तयार होतात, मागे एकच. वर ओढलं की दात्यांच्या दोन ओळी या दोन वाटांनी आत शिरतात आणि रनरच्या कडा त्यांना एकमेकींत दाबतात; खाली ओढलं की तोच खांब त्यांना फाडत जातो. धातूच्या चेनमध्ये प्रत्येक दात्याला एकीकडे उंचवटा, दुसरीकडे खळगा असतो आणि समोरची ओळ अर्ध्या दात्याने पुढेमागे बसवलेली असते. खरी गंमत रनरच्या आत घडते. तिथे कापडी पट्टी वळते, त्यामुळे दोन दात्यांमधली फट क्षणभर रुंदावते आणि समोरचा दाता तिच्यात शिरतो. बाहेर पडताना पट्टी पुन्हा सरळ होते, फट मिटते, दाता अडकतो. म्हणून लागलेली चेन दोन्ही हातांनी ताणली तरी सुटत नाही, आणि रनर तीच एका बोटाने सोडवतो.

एवढी साधी युक्ती सापडायला बराच काळ गेला. शिवणयंत्रासाठी प्रसिद्ध असलेल्या एलियास हाउ याने 1851 मध्ये अशा बंदाचं पेटंट घेतलं, पण पुढे काही केलं नाही. व्हिटकॉम्ब जडसन याने 1893 मध्ये बुटांसाठी आकडे आणि कड्यांचा बंद काढला. तो ऐन वेळी उघडायचा. गिडिऑन सुंडबॅक या स्वीडिश अभियंत्याने 1913 मध्ये आकडे सोडून सगळे दाते एकसारखे केले आणि इंचाला चारच्या जागी दहाच्या आसपास बसवले. पेटंट 1917 चं. असे दाते पाडून पट्टीवर आवळत जाणारं यंत्रही त्यानेच रचलं. माझ्या मते खरा शोध तो, कारण हाताने इतके सारखे दाते बसवणं परवडलंच नसतं.

आता दुरुस्तीकडे. रनर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. घासून घासून त्याची पाती एकमेकांपासून फाकतात, दाते पुरेसे दाबले जात नाहीत. रनर अगदी खालच्या टोकाला आणावा, पकडीने मागच्या, म्हणजे एकच वाट असलेल्या, टोकाची डावी कड हलकेच दाबावी, मग उजवी तेवढीच. पुढच्या, खांबाच्या बाजूला पकड लावू नये. चेन लावून बघावी, गरज वाटली तर आणखी थोडं दाबावं. एकदाच जोर काढला तर रनर अडकतो, नाहीतर तडकतो. जस्त वाकण्यापेक्षा मोडणं पसंत करतं. दाबूनही फरक पडला नाही तर नवा रनर घालावा. त्याच्या पाठीवर बहुधा आकडा असतो: 3, 5, 8, 10. मिटलेल्या दात्यांची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजली की साधारण तोच अंदाज मिळतो. नायलॉनच्या चेनचा रनर धातूच्या चेनला चालत नाही, आकडा जुळला तरी.

पँटची चेन आपोआप खाली घसरते त्याचं कारण निराळं. रनरच्या पोटात एक बारीक खुंटी असते. ओढायची पाती खाली आडवी पडली की खुंटी दात्यांमध्ये उतरते आणि रनर जागीच राहतो. पाती उभी राहिली की सुटतो. म्हणजे चेन लावून पाती खाली दाबायची, एवढंच. खुंटीच झिजली असेल तर पातीच्या भोकात छोटी कडी घालून ती कमरेच्या बटणात अडकवावी.

जड चालणाऱ्या धातूच्या चेनवर पेन्सिलीचं टोक घासावं, प्लास्टिकच्या चेनवर मेणबत्ती. तेल नको, कापडावर डाग पडतो आणि धूळ चिकटून चेन आणखी जड होते. अस्तर अडकलं तर रनर पुढे रेटू नये, कापड बाजूला ताणत रनर मागे घ्यावा. जाकिटाच्या चेनमध्ये खालची काडी डबीत तळापर्यंत बसली पाहिजे. ती अर्धवट बसली तर पहिलेच दाते एका घराने चुकतात आणि वर गळ्यापाशी एक बाजू लांब उरते.

नायलॉनची चेन खरं तर सुटे दाते नसलेली, पट्टीवर शिवलेली सलग गुंडाळी असते. ती मधेच फाकली तर रनर एकदा खाली नेऊन पुन्हा वर आणला की सांधली जाते. हीच सोय प्रवासी बॅगेची उणीव ठरते. दोन रनर एकत्र करून कितीही भक्कम कुलूप लावा, बॉलपेनचं टोक मधे खुपसलं की गुंडाळी फाकते, आणि कुलपासकट रनर तिच्यावरून फिरवले की पुन्हा मिटते. मौल्यवान वस्तू बॅगेत ठेवायच्याच असतील तर धातूच्या दात्यांची चेन बघून घ्यावी, किंवा चेन नसलेली, कड्यांनी बंद होणारी पेटी.