बुधवारी कुठली बिन?

आमच्या गल्लीत बावीस घरं आहेत आणि त्यांचा कचरा न्यायला तीन कंपन्यांच्या गाड्या येतात. गल्ली पुढे बंद. त्यामुळे प्रत्येक गाडी आत येते, आपल्या सात-आठ गिऱ्हाइकांच्या बिन्स उचलते आणि टूंऽ टूंऽ करत रिव्हर्समध्ये बाहेर पडते. मग दुसरी येते. ती पहिल्या गाडीने सोडलेल्या घरांपैकी काही घरं घेते.

आई पुण्याहून येऊन तीनच दिवस झाले होते. चहाचा कप हातात घेऊन ती खिडकीशी उभी होती.

"अगं, मघाशी येऊन गेला ना कचरेवाला? मग हा कोण?"

"हा दुसऱ्या कंपनीचा."

"आणि आपला?"

"आपला अजून यायचाय."

आईने दोन घोट शांतपणे घेतले. "म्हणजे कचऱ्यातपण पोर्टेबिलिटी आहे म्हण की."

आहे खरी. आम्ही डब्लिनच्या उत्तरेला, स्वॉर्ड्समध्ये राहतो. आयर्लंडमध्ये घरोघरचा कचरा आता खाजगी कंपन्या उचलतात. डब्लिन शहराच्या नगरपालिकेनेही जानेवारी 2012 मध्ये हे काम सोडून दिलं. इंटरनेटचं कनेक्शन घ्यावं तसा कचरेवाला आपला आपण शोधायचा. करार करायचा, बँकेतून पैसे परस्पर वळते करायचे आणि वर्ष संपलं की दर वाढल्याचं गोड भाषेतलं पत्र वाचायचं.

इथे आल्या आल्या मला हे काहीच ठाऊक नव्हतं. काळी बिन सगळ्या उरलेल्या कचऱ्याची, हिरवी रिसायकलिंगची, ब्राऊन ओल्याची, एवढं कळलं होतं. पण कुठल्या आठवड्यात कुठली बाहेर काढायची हे काही लक्षात राहीना. मग मी सोपी युक्ती काढली. बुधवारी रात्री पडदा सरकवून समोरच्या घराकडे बघायचं. त्यांनी हिरवी काढली की आपणही हिरवी काढायची. दोन महिने मी अशी कॉपी केली आणि दोन महिने आमची काळी बिन तुडुंब भरून दारात तशीच. समोरच्यांची कंपनी वेगळी होती! त्यांचा हिरवा आठवडा तो आमचा काळा. शाळेत शेजारणीचं बघून लिहावं आणि तिला पेपरचा दुसरा सेट मिळालेला असावा, तसं झालं.

तर यंदाही ते पत्र आलं आणि मी ठरवलं की तिन्ही कंपन्यांचे दर एकदा नीट ताडून बघायचे. "वर्षाला किती वाचतील?" नवऱ्याने विचारलं. "तेच तर बघायचंय," म्हणत मी एक्सेल उघडलं.

गोम अशी की तिघांची मोजायची रीतच निराळी. मंडईत एक जुडीवर विकतो, दुसरा किलोवर, आणि तिसरा म्हणतो, "घ्या हो ताई, तुम्हाला काय जास्त लावणार?" आमची चालू कंपनी या तिसऱ्या जातीची. महिन्याला 28 युरो, अमुक किलोपर्यंत सगळं त्यात आलं. दुसरी महिन्याला 12 युरो घेणार, शिवाय काळी बिन जितक्या वेळा उचलाल तितके दहा-दहा आणि ब्राऊनचे पाच-पाच. उचलण्याला इथे 'लिफ्ट' म्हणतात. तिसरीचे महिना आठ युरो, काळ्या बिनच्या लिफ्टचे चार आणि वर किलोमागे 35 सेंट, ब्राऊनच्या लिफ्टचे दोन आणि किलोमागे 20 सेंट. हिरवी तिघींचीही फुकट. सरसकट दर आकारून कितीही कचरा टाकू देण्याची पद्धत सरकारने 2017 पासून मोडीत काढायला घेतली, तेव्हापासून दरपत्रकं अशी शाळेतल्या काळ-काम-वेगाच्या गणितांसारखी झाली आहेत.

आता गणित सोडवायचं तर आपल्या घरात कचरा किती किलो होतो हे माहीत हवं. मला साखर किती लागते ते माहीत आहे, तांदूळ माहीत आहेत. कचरा? काही अंदाजच नाही.

तेव्हा आठवण झाली बॅगा तोलायच्या काट्याची. परदेशातल्या प्रत्येक मराठी घरात तो असतोच. हुकाला बॅग अडकवायची, हात थरथरेपर्यंत उचलून धरायची आणि 23 किलोच्या आत बसली की हुश्श करायचं. चितळ्यांची बाकरवडी, भाजणी आणि प्रेशर कुकरच्या शिट्ट्या मोजत आलेला तो काटा मी कचऱ्याच्या पिशवीला लावला. आई कॉफीच्या कपाएवढे डोळे करून बघत होती.

"साडेतीन," मी म्हटलं.

"लिही," आई म्हणाली. एकदा वही समोर आली की तिला राहवत नाही. चाळीस वर्षं दुधाचा हिशोब कॅलेंडरवर लिहिलेली बाई ती.

दोन आठवडे आम्ही तोललं. काळी बिन पंधरवड्याला सात किलो. ब्राऊन नऊ! भाजीची देठं, केळ्याच्या साली, चहाचा चोथा, आंब्याच्या कोयी, आणि त्यात ऐन जून, म्हणजे कलिंगड. एका कलिंगडाच्या साली काट्याला लावल्या तर दोन किलो भरल्या. आईने आकडा लिहिला, पेन खाली ठेवलं आणि त्यातली एक फाक उचलून सुरीने हिरवी साल तासायला बसली. आतला पांढरा गर किसून तिने भाजणीत घातला आणि थालीपिठं लावली. लुसलुशीत झाली होती. जेवताना नवरा म्हणाला, "चाळीस सेंट वाचले." आईने त्याच्या ताटात आणखी एक वाढलं.

तर हिशोब. चालू कंपनीचे वर्षाला 336 युरो. दुसरीचे, काळी बिन चार आठवड्यांतून एकदाच काढली तरी 404. तिसरीचे, त्याच शिस्तीने, साडेतीनशे दहा... नाही, तीनशे साडेदहा. सगळ्या खटाटोपातून वर्षाचे साडेपंचवीस युरो. दोन पिझ्झा, तेही कूपन असेल तर. पण एवढं तोलल्यावर, वहीत लिहिल्यावर आणि आईसमोर शोभा झाल्यावर माघार कशी घेणार? मी तिसरीचा फॉर्म भरला.

मग जुन्या कंपनीला फोन केला, आम्ही चाललो म्हणून. पलीकडची मुलगी अतिशय लाघवी. म्हणाली, तुम्हाला महिन्याला 24 युरोंत देते. म्हणजे वर्षाला 288, म्हणजे माझ्या त्या एक्सेलमधल्या सगळ्यांहून कमी! "मग हा दर आधी का नाही सांगितलात?" तर म्हणाली, तुम्ही सोडून चाललात म्हणून हा दर. पाहुण्याने दारात चपला घातल्या की मगच "अहो, जेवूनच जायचं होतंत" म्हणायचं, ही रीत मी आजवर फक्त आमच्या सदाशिव पेठेच्या नावावर खपवत आले होते. पेठेची क्षमा मागते. फॉर्म भरून झाला होता, अठरा महिन्यांचा करार होता, मी फोन ठेवला.

आईला यातलं सगळं समजत होतं, पण पटत मात्र काहीच नव्हतं. तिच्या जगात कागद, पत्रा, बाटली घरातून जाते तेव्हा पैसे आत येतात. रद्दीवाला दारात बसतो, त्याच्या तराजूकडे आपण संशयाने बघतो, मराठी पेपरचा भाव वेगळा, इंग्रजीचा वेगळा. इथे रद्दी न्यायला आपणच करार करायचा हे ऐकून तिने कपाळावर हात मारला. तिचं समाधान झालं ते फक्त सुपरमार्केटच्या दारातल्या यंत्रासमोर. 1 फेब्रुवारी 2024 पासून इथे प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर अनामत घेतात, अर्ध्या लिटरपर्यंत 15 सेंट, मोठ्या बाटलीला 25. रिकामी बाटली न चेपता यंत्राच्या तोंडात घालायची, ती गरगर फिरते, आत जाते आणि शेवटी पावती मिळते. आईने सहा बाटल्या घातल्या, पावती दोनदा वाचली आणि म्हणाली, "हा खरा रद्दीवाला." पुढे ती रोज संध्याकाळी फिरायला जाताना पिशवी घेऊनच निघायला लागली.

तिकडे पुण्यात, धनकवडीला आमच्याकडे सकाळी ताई येते. गाडी ढकलत येते, जिन्याखालून हाक मारते, ओला आणि सुका वेगळा नसेल तर आवाज चढवते. ती 'स्वच्छ'ची, म्हणजे कचरावेचकांच्या स्वतःच्या सहकारी संस्थेची. 1993 मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातूनच पुढे ही संस्था झाली, आणि 2008 मध्ये पालिकेशी करार करून त्या दारोदार जायला लागल्या. दर महिन्याचे पैसे आई तिच्या हातात देते. सुक्यातलं विकण्याजोगं ती विकते, तेही तिचंच. आईला तिच्या मुलीची दहावी, तिच्या गुडघ्याचं दुखणं, सगळं माहीत. आणि आईने गोडाचं खायचं सोडलं नाहीये हे तिला माहीत, कारण बॉक्स तीच तर नेते! त्या दोन बायकांमध्ये एक्सेल नाही. वर्षातून एकदा दर वाढवायची गोष्ट निघते, आई "बाई गं, फार झाले" म्हणते आणि देते.

मला हे सगळं गोड वाटतंय ते इथून, हेही खरं. तिथे असताना हाक ऐकून मी उशी डोक्यावर घ्यायचे. आणि उघड्या हातांनी आमची घाण वेगळी करणाऱ्या बाईचं गोड चित्र काढणं हे घाण न उपसणाऱ्याला सोपं जातं. इथला माणूस निदान हातमोजे घालून बटण दाबतो. बिन वर जाते, तोललीही जाते, तिच्यातल्या चिपवरून ती कुणाची ते कळतं, आणि आकडा माझ्या फोनवर येतो. आत काय आहे ते कुणी बघत नाही.

एके दिवशी आईच्या हातून काचेचा ग्लास फुटला. पिण्याचे ग्लास बाटल्यांच्या डब्यात चालत नाहीत, ते काळ्या बिनमध्येच टाकायचे. मी केरसुणी शोधेपर्यंत आईने तुकडे गोळा केले होते, सुपरमार्केटच्या जाहिरातींच्या कागदांत चार घड्यांत गुंडाळले होते, वर दोरा बांधला होता, आणि माझ्या मुलीचा स्केचपेन घेऊन त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: काच.

"आई, इथे कुणी हात घालत नाही आत. यंत्र उचलतं. आणि मराठी कोण वाचणार?"

"असू दे."

त्या पंधरवड्यात आमच्या काळ्या बिनचं वजन आठ किलो आलं. डब्लिनच्या पूलबेगला समुद्राच्या काठी 2017 मध्ये सुरू झालेली कचऱ्याची मोठी भट्टी आहे, वर्षाला सहा लाख टन जाळून वीज करणारी. कदाचित आईचं पुडकं तिथेच गेलं असेल, दोऱ्यासकट.

शेजारच्या आजींना आमच्या या तुलनेची भारी गंमत वाटली. त्यांच्या मते यातला पहिलाच सेंट बेकायदा आहे. 1977 च्या निवडणुकीत घरपट्टी काढायचं आश्वासन दिलं गेलं, पुढच्या वर्षी ती गेलीही, मग नगरपालिकांच्या हातात पैसा उरेना, मग कचऱ्यावर पट्टी आली. लोक म्हणाले, आमच्या करातून हे आधीच दिलंय. 2003 च्या शरदात आमच्या या फिंगल भागात लोक कचऱ्याच्या गाड्यांपुढे उभे राहिले होते. खासदार जो हिगिन्स आणि नगरसेविका क्लेअर डेली यांनी कोर्टाचा मनाई हुकूम मानला नाही म्हणून महिनाभर माउंटजॉयच्या तुरुंगात काढला. आजी हे सगळं काल घडल्यासारखं सांगतात. आणि आता? "आता काय, कोण स्वस्त ते बघते," म्हणाल्या. त्या अजून आमच्या जुन्या कंपनीत आहेत, फोन करायचा कंटाळा येतो म्हणून. मी त्यांना 24 युरोंची गोष्ट सांगितली. तो एक फोन त्यांनी लगेच केला.

बिन्स कंपनीच्या मालकीच्या असतात. त्यामुळे कचरेवाला बदलला की बिन्सही बदलतात. नव्या तीन आल्या, जुन्या तीन कुणी नेईना. तीन आठवडे आमच्या अंगणात सहा बिन्स उभ्या होत्या, हळदीकुंकवाला बायका जमाव्यात तशा. वादळी वाऱ्याच्या एका रात्री त्यातल्या चार आडव्या झाल्या. शेवटी एका सकाळी आम्ही घरी नसताना जुन्या कंपनीची गाडी येऊन बिन्स घेऊन गेली. तीनच नेल्या. पण त्यातली हिरवी नव्या कंपनीची होती.

म्हणजे आता काळी आणि ब्राऊन नव्यांची, हिरवी जुन्यांची. नव्यांचा माणूस तिला हात लावत नाही, चिप आपली नाही म्हणून. जुन्यांकडे आमचं खातंच नाही. दोन्हीकडे तक्रार नोंदवली आहे, दोन्हीकडून तिचा नंबर आला आहे, आणि परसदारी पुठ्ठ्यांचा ढीग वाढतो आहे.

बुधवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात आजी, हातात त्यांच्या हिरव्या बिनची मूठ. "माझी अर्धीही भरत नाही," म्हणाल्या, "एकटीचं असतं काय? घाला तुमचं."

आई आणि मी पुठ्ठे फाडून फाडून त्यांच्या बिनमध्ये भरले. आईने आत जाऊन डब्यातून चकल्या आणल्या. आजींनी एक तिथेच तोडली.

"काय गं," आई मला मराठीत म्हणाली, "मग तुम्ही दोघींत मिळून एकच का नाही घेत?"

"आई, फॉर्मवर तसा रकाना नाही."

"रकाना नाही!" आई म्हणाली, आणि आजींच्या बिनचं झाकण बसत नव्हतं म्हणून त्यावर दोन्ही हातांनी दाबत राहिली.